बेरीज बरोबर, आकडा चूक

अमेरिकेतील स्त्रियांच्या खुल्या गोल्फ स्पर्धेच्या, म्हणजे यू. एस. विमेन्स ओपनच्या, विजेत्यांची यादी पाहत गेल्यास १९५७ या वर्षासमोर बेट्सी रॉल्स हे नाव आढळते. फटके २९९, दुसऱ्या क्रमांकावर पॅटी बर्ग, विजयाचे अंतर ६ फटके. गोल्फमध्ये कमी फटके घेणारा जिंकतो. तेव्हा सहा फटक्यांचे अंतर म्हणजे निर्विवाद विजय, असेच कोणीही समजेल. परंतु २९ जून १९५७ रोजी संध्याकाळी विंग्ड फूट क्लबच्या मैदानावर सर्वांत कमी फटके रॉल्सचे नव्हते. चारही फेऱ्या २९८ फटक्यांत पुऱ्या करणारी एक स्त्री तेथे होती. तिचे नाव जॅकी पंग. यादीत ती पहिली नाही, दुसरी नाही, शेवटचीही नाही. ती बाद ठरली.

ही हकिगत गोल्फच्या जगात जुनी आहे, पण आपल्याकडे ती फारशी सांगितली गेलेली दिसत नाही. ज्या घराण्यांच्या इनामांचे भवितव्य एखाद्या सनदेतील आकड्यावर ठरले, ज्यांच्या वाडवडिलांनी होळकर, शिंदे किंवा गायकवाड सरकारच्या दप्तरात लेखणी चालविली, त्या घरांतील वाचकांना घडलेली गोष्ट आणि कागदावर चढलेली गोष्ट यांतील अंतर नव्याने समजावून द्यावे लागणार नाही. म्हणून ही कथा येथे सांगावी असे आम्हांला वाटले.

गोल्फ हा आपल्या नित्य परिचयाचा खेळ नव्हे. बडोदेकरांनी लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातील मैदान पाहिले असेल. प्रतापसिंहराव गायकवाडांनी ते आपल्या पाहुण्यांसाठी आखून घेतले होते, असे सांगतात. बाकीच्यांना ऑगस्ट २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या वेळी बंगळुरूची अदिती अशोक पहाटेच्या प्रक्षेपणात दिसली असेल. ती चौथी आली. ज्या दोघींमध्ये रौप्य आणि कांस्य पदकांचा निकाल लागला त्यांच्यापेक्षा तिचा केवळ एक फटका अधिक होता. एका फटक्याचे मोल काय असते, याची कल्पना त्या सकाळी पुष्कळांना आली. मैदानावर अठरा होल असतात. प्रत्येक होलपर्यंत चेंडू किती फटक्यांत पोहोचला ते मोजायचे आणि अठरांची बेरीज करायची, ही झाली एक फेरी. मोठ्या स्पर्धेत अशा चार फेऱ्या, म्हणजे बहात्तर होल.

आता मोजायचे कोणी? क्रिकेटमध्ये पंच असतो, धावा टिपणारा असतो. गोल्फचे मैदान मैलभर पसरलेले, खेळाडू जागोजागी विखुरलेले. प्रत्येकामागे पंच ठेवणे शक्य नाही. म्हणून बरोबर चालणाऱ्या प्रतिस्पर्ध्यानेच दुसऱ्याचे फटके त्याच्या कार्डावर लिहावेत, अशी रीत पडली. फेरी संपल्यावर खेळाडूने स्वतःचे कार्ड तपासायचे, खाली सही करायची आणि अधिकाऱ्यांच्या हवाली करायचे. सही झाली की कार्ड खरे. एखाद्या होलसमोर प्रत्यक्षापेक्षा मोठा आकडा लिहिला गेला असेल, तर तो मोठा आकडाच कायम होतो. लहान आकडा लिहिला गेला असेल, तर खेळाडू बाद. अठरा आकड्यांची बेरीज मात्र खेळाडूची जबाबदारी नव्हे. ती समितीने करायची असते. या शेवटच्या कलमाकडे वाचकांनी लक्ष ठेवावे.

१९५७ पूर्वीचा इतिहास थोडक्यात पाहणे अवश्य आहे, कारण ज्या नियमाने पंग बाद झाली तो स्त्रियांच्या या स्पर्धेत कोणत्या वाटेने आला, हे त्यावाचून उमगत नाही. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेची, म्हणजे यू. एस. जी. ए.ची स्थापना १८९४ सालची. दुसऱ्याच वर्षी तिने पुरुषांची खुली स्पर्धा सुरू केली आणि त्याच वर्षी हौशी स्त्रियांचीही. परंतु खेळावर पोट भरणाऱ्या स्त्रियांसाठी तिने पन्नास वर्षांहून अधिक काळ काहीच केले नाही. कुलीन घरातील स्त्रीने हौसेने खेळावे, हे त्या समाजाला मान्य होते. पैशासाठी खेळणे हा वेगळा प्रश्न होता. अखेर १९४६ मध्ये व्यावसायिक स्त्री-खेळाडूंच्या एका लहानशा संघटनेने स्वतःच पुढाकार घेऊन वॉशिंग्टन राज्यातील स्पोकेन या गावी पहिली खुली स्पर्धा भरविली. बक्षिसाची रक्कम होती १९,७०० डॉलर, तीही युद्धरोख्यांत. आणि ती पुरविली गावातील पुरुषांच्या एका मंडळाने, ज्याचे उत्पन्न नाणी टाकून खेळायच्या जुगारी यंत्रांतून येत असे. सोवळेपणाला फाटा देऊन सुरू झालेली ही स्पर्धा पॅटी बर्गने जिंकली. अंतिम सामन्यात तिने बेटी जेमसनला हरविले.

बेटी जेमसन हे नाव ध्यानात ठेवावे. पुढे तिचे काम पडणार आहे. १९४७ मध्ये स्पर्धा उत्तर कॅरोलायनातील ग्रीन्सबरो येथे झाली आणि जेमसनने ती २९५ फटक्यांत जिंकली. बहात्तर होलांच्या स्पर्धेत तीनशेच्या आत येणारी ती पहिली स्त्री. १९५२ मध्ये तिने वर्षभरात सरासरीने सर्वांत कमी फटके घेणाऱ्या खेळाडूसाठी एक चषक दिला आणि त्याला जुन्या पिढीतील श्रेष्ठ खेळाडू ग्लेना कोलेट व्हेअर हिचे नाव दिले. तो व्हेअर चषक आजतागायत दिला जातो. आकड्यांची अशी कदर असलेली ही बाई होती.

पहिली संघटना पैशाअभावी मोडकळीस आली. १९५० मध्ये कॅन्सस राज्यातील विचिटा येथे खुली स्पर्धा चालू असतानाच नव्या संघटनेचा पाया घातला गेला. तीच एल. पी. जी. ए. तिच्या संस्थापिका म्हणून तेरा जणींची नावे नोंदली आहेत. त्यांत बर्ग होती, जेमसन होती, लुईस सग्ज होती, आणि १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये धावणे-फेकणे-उडीत दोन सुवर्ण व एक रौप्य पदक मिळवून मग गोल्फकडे वळलेली बेब झहारियासही होती. सर्वांत धाकटी मार्लिन बाऊर सोळा वर्षांची. या बायका एका गावाहून दुसऱ्या गावी मोटारींचा तांडा करून जात, मैदान स्वतः आखीत, वार्ताहरांना स्वतः भेटत, नियमांचे वाद आपसांत मिटवीत आणि मग खेळायला उभ्या राहत. मंडळाचा वार्षिकोत्सव करताना सतरंज्या घालणारे आणि व्यासपीठावर बसणारे तेच चार लोक असतात, हा अनुभव ज्यांना आहे त्यांना या तांड्याची कल्पना सहज येईल.

खुली स्पर्धा काही वर्षे या नव्या संस्थेकडे राहिली. मग १९५३ मध्ये तिने ती यू. एस. जी. ए.च्या स्वाधीन केली. हा निर्णय दुबळेपणाचा होता, असे आम्हांला वाटत नाही. जिच्याशी आपली मैत्रीही आहे आणि चुरसही, तिच्या चुकीचा निवाडा आपणच करावा लागणे, ही अडचणीची गोष्ट आहे. शिवाय पुरुषांची खुली स्पर्धा जी संस्था ज्या नियमांनी चालविते तिनेच, त्याच नियमांनी, स्त्रियांचीही चालवावी, यात दर्जाची मान्यता होती. दया नको, सवलत नको, तोच काटा लावा, अशी ती मागणी होती. मागणी मान्य झाली. चार वर्षांनी तो काटा रुतला.

मधल्या काळातील एका स्पर्धेचा उल्लेख टाळता येत नाही. एप्रिल १९५३ मध्ये बेब झहारियासवर कर्करोगाची मोठी शस्त्रक्रिया झाली. ती पुन्हा खेळेल असे कोणी म्हणत नव्हते. १९५४ मध्ये मॅसेच्युसेट्समधील सेलम क्लबवर ती खुल्या स्पर्धेत उतरली, शेवटच्या दिवशी त्या काळच्या रिवाजाप्रमाणे एकाच दिवसात छत्तीस होल चालली आणि बारा फटक्यांनी जिंकली. दोन वर्षांनी, सप्टेंबर १९५६ मध्ये, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी ती गेली. स्त्रियांच्या गोल्फचे नाव घरोघरी पोहोचविणारी खेळाडू नाहीशी झाली, आणि त्यानंतरच्या पहिल्याच खुल्या स्पर्धेत विंग्ड फूटचा प्रसंग घडला.

जॅकी पंग ही होनोलुलूची. हवाई बेटे तेव्हा अमेरिकेचे राज्यही नव्हती. तो दर्जा त्यांना १९५९ मध्ये मिळाला. १९५२ मध्ये तिने हौशी स्त्रियांचे राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकले आणि पुढच्या वर्षी ती व्यावसायिक झाली. त्याच वर्षी, यू. एस. जी. ए.च्या हाती आलेल्या पहिल्या खुल्या स्पर्धेत, रॉचेस्टर येथे ती आणि बेट्सी रॉल्स बरोबरीत आल्या. निकालासाठी दुसऱ्या दिवशी अठरा होलांची फेरी खेळविली गेली. रॉल्सचे ७१ फटके झाले, पंगचे ७७. विंग्ड फूटला पंग पुन्हा त्याच प्रतिस्पर्धिनीसमोर उभी होती.

रॉल्सविषयी दोन शब्द. टेक्सास विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकलेली, वयाच्या सतराव्या वर्षी प्रथम गोल्फची काठी हाती धरलेली ही मुलगी. डोके थंड आणि खेळ हिशेबी. १९५१ आणि १९५३ अशी दोन अजिंक्यपदे तिच्या नावावर आधीच होती. १९५७ मध्ये तिने चार फेऱ्या २९९ फटक्यांत संपविल्या. मागाहून पंगने शेवटची फेरी ७२ फटक्यांत पुरी केली आणि एका फटक्याने बाजी मारली. निदान सर्वांना तसे वाटले.

शेवटच्या फेरीत पंगबरोबर बेटी जेमसन चालत होती. पंगचे कार्ड जेमसनच्या हाती आणि जेमसनचे पंगच्या. चौथ्या होलवर दोघींनाही सहा-सहा फटके लागले. दोघींनीही एकमेकींच्या कार्डावर पाच लिहिले. एकीची चूक समजण्यासारखी आहे. दोघींची, एकाच ठिकाणी, एकच चूक, हा योग विलक्षण म्हटला पाहिजे. त्या होलचा सामान्य हिशेब पाच फटक्यांचा होता, त्यामुळे हाताने सवयीचा आकडा लिहिला असावा, असा आमचा तर्क आहे. फेरी संपली. कार्डावर खाली एकूण ७२ असा आकडा होता आणि तो अगदी बरोबर होता, कारण आपले किती फटके झाले हे पंगला ठाऊक होते, ती ते लपवीत नव्हती. तिने सही केली आणि कार्ड दिले. अभिनंदने चालू असतानाच चौथ्या होलचा आकडा उघडकीस आला. प्रत्यक्षापेक्षा कमी फटके नोंदविलेल्या कार्डावर सही केली म्हणून पंग बाद. जेमसनही बाद.

आता वर सांगितलेले कलम पुन्हा पाहू. बेरजेची जबाबदारी खेळाडूवर नव्हती, प्रत्येक होलच्या आकड्याची होती. म्हणजे कार्डावर जी गोष्ट बिनचूक होती ती नियमाच्या दृष्टीने पंगच्या खाती जमाच नव्हती. जी चुकली तेवढीच तिच्या खाती खर्ची पडली. आणखी एक विचार मनात येतो. जेमसनच्या हातून पाचाऐवजी सात लिहिले गेले असते आणि तसेच सहीखाली गेले असते, तर मोठा आकडा कायम होऊन पंगचे २९९ झाले असते. मग ती रॉल्सच्या बरोबरीत आली असती आणि १९५३ प्रमाणे पुन्हा एक फेरी झाली असती. सहाचे सात झाले असते तर झुंज. सहाचे पाच झाले म्हणून हद्दपारी.

नियमाच्या बाजूने बोलायचे तर बोलण्यासारखे आहे. ज्या खेळात पंच नाही, तेथे सही हीच साक्ष. कमी आकडा लिहून निसटता येते अशी शंका एकदा शिरली, तर खेळच उरत नाही. हेतू शुद्ध होता की नव्हता हे तपासायला समिती बसली, की माणसे पाहून निर्णय होऊ लागतात. लाडक्या खेळाडूचा हेतू शुद्ध ठरतो, अनोळखीचा संशयास्पद. हे सारे मान्य करूनही आमचे मत असे की, शिक्षा अपराधाच्या मानाने अवाजवी होती. ज्या कार्डातच चूक आणि तिची दुरुस्ती शेजारी-शेजारी लिहिलेली होती, त्या कार्डाने कोणाचीही फसवणूक होणे शक्य नव्हते. दोन फटक्यांचा दंड ठेवता आला असता. परंतु नियमपुस्तकात मधली पायरी नव्हती, आणि पुस्तकात नसलेली पायरी त्या संध्याकाळी बांधावी असे कोणाही अधिकाऱ्याला वाटले नाही. स्पर्धा स्त्रियांच्याच संघटनेकडे राहिली असती तर काय झाले असते? आम्हांला वाटते, त्यांनीही हेच केले असते, कदाचित अधिक कठोरपणे. बायकांचा कारभार भावनेवर चालतो, हे ऐकून घेण्याची त्यांची तयारी नव्हती.

नियमाबाहेर मात्र दया होती. क्लबच्या सभासदांनी आणि जमलेल्या मंडळींनी तिथल्या तिथे पंगसाठी वर्गणी गोळा केली. पहिले बक्षीस १८०० डॉलरचे होते. वर्गणी त्याहून अधिक जमली. पंगची पैशाची निकड त्याने काही अंशी भागली असेल. अजिंक्यपद वर्गणीने मिळत नाही. पुढे काही वर्षे ती खेळत राहिली. खुली स्पर्धा तिला कधीच जिंकता आली नाही. हवाईत परतून तिने अनेकांना गोल्फ शिकविला आणि २०१७ मध्ये, पंचाण्णवाव्या वर्षी, तिचे निधन झाले.

या प्रसंगाला पुरुषांच्या खेळात एक जोड आहे आणि ती जगभर प्रसिद्ध आहे. १९६८ च्या मास्टर्स स्पर्धेत अर्जेंटिनाच्या रोबेर्तो दे विसेन्सो याच्या सतराव्या होलवर तीन फटके झाले असताना त्याच्या सोबत्याने चार लिहिले आणि त्याने तपासल्यावाचून सही केली. मोठा आकडा कायम झाला, ६५ चे ६६ झाले आणि बॉब गोल्बीशी होणारी बरोबरी हुकली. गोल्फवरील कोणत्याही पुस्तकात ही कथा मिळते. तो बाद झाला नाही. दुसरा आला, यादीत राहिला. पंग त्याच्या अकरा वर्षे आधीची, तिचे नुकसान अधिक मोठे, तरी तिची कथा शोधावी लागते. याचे कारण ती स्त्री होती एवढेच नसेल, पण तेही आहेच.

नियमांवर या साऱ्याचा परिणाम झाला तो फार उशिरा आणि वेगळ्याच निमित्ताने. २०१६ च्या खुल्या स्पर्धेत स्वीडनची ॲना नॉर्डक्विस्ट आणि अमेरिकेची ब्रिटनी लँग बरोबरीत होत्या. निकालाच्या जादा होलांपैकी दुसऱ्यावर वाळूच्या खड्ड्यात नॉर्डक्विस्टच्या काठीचा वाळूला निसटता स्पर्श झाला. काही कण हलले. तिला कळले नाही, पाहणाऱ्यांनाही नाही. दूरदर्शनचे चित्र मंद करून, मोठे करून पाहिल्यावर ते दिसले आणि दोन फटक्यांचा दंड झाला. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये दुसऱ्या एका प्रमुख स्पर्धेत लेक्सी थॉम्प्सन आघाडीवर असताना घरबसल्या एका प्रेक्षकाने आदल्या दिवशीची चूक ई-मेलने कळविली. चेंडू चुकीच्या जागी ठेवल्याबद्दल दोन आणि त्यामुळे चुकीच्या ठरलेल्या कार्डावर सही केल्याबद्दल आणखी दोन, असे चार फटके तिच्या माथी बसले आणि ती बरोबरीत येऊन हरली. तेव्हा मात्र ओरड झाली. साध्या डोळ्यांना दिसत नाही ते यंत्राने दाखविले तरी ग्राह्य धरू नये, असे त्याच महिन्यात ठरले. प्रेक्षकांच्या तक्रारी ऐकणे आणि नकळत झालेल्या दंडापायी कार्डाचा वेगळा दंड लावणे वर्षअखेरीस बंद झाले. दूरदर्शनने जे घडवून आणले ते १९५७ च्या वर्गणीने घडले नव्हते. पंगला लागलेले मूळ कलम मात्र या दुरुस्तीत आले नाही. होलसमोर कमी आकडा आणि खाली सही, की खेळाडू बाद, हे आजही तसेच आहे.

स्पर्धा मात्र ओळखू येणार नाही इतकी बदलली. १९६७ मध्ये कॅथरीन लाकोस्त ही फ्रेंच तरुणी हौशी खेळाडू म्हणून आली आणि जिंकून गेली. असे करणारी आजवर तीच एक. १९९८ मध्ये विस्कॉन्सिन राज्यात दक्षिण कोरियाची वीस वर्षांची पाक से-री पाण्याच्या काठावर अडकलेला चेंडू मारण्यासाठी बूट-मोजे काढून पाण्यात उतरली आणि जादा वीस होलांच्या झुंजीनंतर जिंकली. आर्थिक संकटात सापडलेल्या तिच्या देशाने ते दृश्य वारंवार पाहिले आणि त्यानंतरच्या बावीस वर्षांत कोरियन मुलींनी ही स्पर्धा आणखी दहा वेळा जिंकली. हवाईलाही अखेर न्याय मिळाला, असे म्हणावेसे वाटते, पण न्याय हा शब्द येथे बरोबर नाही. २०१४ मध्ये होनोलुलूला जन्मलेली मिशेल वी जिंकली आणि २०२३ मध्ये पेबल बीचच्या मैदानावर त्याच शहरातील ॲलिसन कॉर्पझ. तिला मिळालेले बक्षीस २० लाख डॉलरचे होते.

राहता राहिली बेट्सी रॉल्स. विंग्ड फूटच्या निकालात तिचा काहीच दोष नव्हता. दुसऱ्यांच्या कार्डांवर काय लिहिले गेले याच्याशी तिचा संबंध नव्हता. १९६० मध्ये तिने चौथ्यांदा ही स्पर्धा जिंकली. पुढे मिकी राइटनेही चार वेळा जिंकली. त्याहून अधिक अजून कोणालाच जमलेले नाही. खेळणे थांबविल्यावर १९७५ पासून सहा वर्षे रॉल्सने एल. पी. जी. ए.च्या स्पर्धांचे संचालन केले. १९८० मध्ये पुरुषांच्या खुल्या स्पर्धेच्या नियम समितीवर तिची नेमणूक झाली. त्या समितीवर काम करणारी ती पहिली स्त्री. २०२३ च्या ऑक्टोबरात, तीही पंचाण्णव वर्षांची असताना, निवर्तली. तिच्या चार विजयांच्या नोंदीत १९५७ समोरचे अंतर अर्थातच ६ फटके असेच आहे.